पळालेले इंजिन



व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले म्हणजे श्रोत्यांची अपेक्षा गडकोटांची, तहांची, निदान एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्राची असते. ती अपेक्षा रास्त आहे, आणि आमच्या आधी या व्यासपीठावरून बोलून गेलेल्या विद्वानांनी ती पुरीही केली आहे. आमची गोष्ट निराळी आहे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या खात्यात, गेटसभेत, लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात आणि गावच्या सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा ज्या वस्तूशी आमचा प्रत्यक्ष संबंध आला तिचाच इतिहास सांगणे आम्हास शोभेल. ती वस्तू म्हणजे डिझेल इंजिन, आणि आज सांगावयाचा आहे तो त्याच्या एका दुर्गुणाचा इतिहास.

या दुर्गुणाला कामगारांच्या बोलीत ‘इंजिन पळाले’ असे म्हणतात. इंजिन जागच्या जागी बोल्टांनी जखडलेले असते. पळतो तो त्याचा वेग. चालकाने घालून दिलेली मर्यादा ओलांडून तो चढू लागतो, डिझेल तोडले तरी चढतच राहतो, आणि वेळीच कोणी आवरले नाही तर अखेर आतले लोखंड फुटून बाहेर येते. किल्ली फिरवूनही न थांबणारे यंत्र ज्याने पाहिले नाही त्याला ही भुताटकी वाटेल. पण तिची कारणे माहीत आहेत आणि तिच्यावरचा उपायही फार साधा आहे. उपाय इतका साधा असताना माणसे का मेली, एवढाच प्रश्न आज आम्हाला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

असे इंजिन आम्ही प्रथम पाहिले ते १९९४ च्या उन्हाळ्यात. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. वीज वरचेवर जाई आणि ती गेली की मागच्या खोलीतला जनरेटर चालवावा लागे. जनरेटरवर एक वीस-एकवीस वर्षांचा मदतनीस पोरगा होता. त्या दिवशी सकाळी त्याने एअर क्लीनर साफ केला. इंजिन जी हवा आत ओढते ती गाळण्याचे हे भांडे. जुन्या पद्धतीच्या भांड्यात तळाशी थोडे तेल असते आणि हवेतली धूळ त्या तेलात बसते. तेल किती घालावे याची खूण भांड्यावर असते, पण या भांड्यावरची खूण झिजून गेली होती. पोराने तेल कमी पडू नये म्हणून भांडे चांगले वरपर्यंत भरले. दुपारी वीज गेली, इंजिन चालू झाले, खात्यातल्या यंत्रांचा भार त्याच्यावर आला, आणि हवेबरोबर भांड्यातले तेलही आत ओढले जाऊ लागले.

आम्ही धावत गेलो तेव्हा खोलीत निळसर पांढरा धूर कोंडला होता आणि आवाज असा चढत होता की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. फिटरने डिझेल बंद केलेले होते. सुपरवायझर दारातून ओरडला, "लोड काढा, लोड काढा!" कोणीतरी मेन स्विच पाडला आणि इंजिन आणखीनच उधळले. ज्या भाराने ते थोडेफार दबून होते तो भारच आम्ही काढून घेतला होता. तेवढ्यात आमच्या खात्यातले सर्वांत जुने फिटर, ज्यांना सारे अण्णा म्हणत, ते पुढे झाले. त्यांनी एअर क्लीनरची रबरी नळी लाथेने उडवली, पॅकिंगच्या पेटीची प्लायवूडची फळी उचलली आणि नळीच्या उघड्या तोंडावर दाबून धरली. इंजिन घुसमटले, सबंध पाया हादरला, आणि ते थांबले.

बाहेर येऊन पाणी प्यायल्यावर आम्ही विचारले, "अण्णा, डिझेल तर बंद केलं होतं. मग ते चाललं कशावर?"

"तेलावर. त्याला डिझेलच पाहिजे असं थोडंच आहे?"

अण्णांच्या या वाक्याचा अर्थ नीट समजण्यास आम्हाला पुढे पुष्कळ वाचावे लागले. इंग्रजी पुस्तक एका हाती आणि शब्दकोश दुसऱ्या हाती, अशी ती वाचनाची तऱ्हा होती. जे समजले ते येणेप्रमाणे.

यंत्राच्या वेगाला लगाम घालण्याची युक्ती वाफेच्या काळातली आहे. १७८८ साली जेम्स वॉटने आपल्या वाफेच्या इंजिनावर दोन फिरत्या गोळ्यांचे एक साधन बसवले. पवनचक्क्यांत तशी युक्ती आधीपासून होती. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात आणि दांड्यांच्या जोडणीने वाफेची झडप थोडी मिटते. वेग उतरला की गोळे खाली येतात आणि झडप उघडते. हाच गव्हर्नर. १८६८ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञाने गव्हर्नरवर गणिती निबंध लिहिला, इतके त्याचे महत्त्व पुढे वाढले. वाफेच्या इंजिनात हा लगाम उत्तम चालला, कारण वाफेला आत जाण्याची वाट एकच होती. ती वाट बंद केली की इंजिनाची उपासमार झालीच.

रूडॉल्फ डिझेल याचा जन्म १८५८ सालचा, पॅरिसमधला, आईबाप बव्हेरियातले. वाफेच्या इंजिनात कोळशाची बहुतेक उष्णता फुकट जाते ही गोष्ट त्याच्या मनाला लागली होती. १८९२ साली त्याने जर्मनीत पेटंटसाठी अर्ज केला. सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यावयाची, ती पिस्टनने इतकी दाबावयाची की दाबानेच ती तापून लाल होण्याइतकी व्हावी, आणि मग त्या तापलेल्या हवेत इंधन सोडावयाचे. ते आपोआप पेटते, ठिणगी लागत नाही. १८९३ च्या ऑगस्टमध्ये आउग्सबुर्गच्या यंत्रशाळेत पहिला प्रयोग झाला, तेव्हा सिलिंडरमधील दाब एवढा चढला की वर बसवलेले दाबमापक फुटून उडाले. चार वर्षांनी, १८९७ च्या फेब्रुवारीत, प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी घेतलेल्या परीक्षेत या इंजिनाने इंधनातील उष्णतेचा सव्वीस टक्क्यांहून अधिक भाग कामाला लावून दाखवला. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना हे स्वप्नातही साधले नव्हते.

आता अण्णांच्या वाक्याकडे येऊ. १९०० साली पॅरिसमध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तेथे मांडलेले एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले, आणि ते इतके बिनबोभाट चालले की पुष्कळांच्या ध्यानातही आले नाही. ज्या तेलात आपण भजी तळतो त्यावर इंजिन चालले, याचा त्या वेळी अभिमानच वाटला असणार, आणि तो वाटावा अशीच ती गोष्ट आहे. खनिज तेल नसलेल्या देशांनाही हे इंजिन उपयोगी पडेल अशी आशा त्यातून निर्माण झाली. पण याच गुणाची दुसरी बाजू अशी, की जे इंजिन भुईमुगाचे तेल खाते ते वंगणाचे तेलही खाते आणि हवेत मिसळलेला ज्वालाग्राही वायूही खाते. ते काय खावे याची निवड करीत नाही. तापलेल्या हवेत जे जळेल ते त्याचे अन्न.

पेट्रोलच्या इंजिनाशी तुलना केली म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. त्यात ठिणगी लागते. किल्ली फिरवली की ठिणगी बंद आणि इंजिन बंद. शिवाय त्याच्या हवेच्या वाटेवरच झडप असते. डिझेलला ठिणगी नाही, आणि हवेच्या वाटेवर सामान्यतः झडपही नाही; हवा पोटभर घ्यावयाची आणि इंधन तेवढे मोजून द्यावयाचे अशी त्याची रीत. १९२७ पासून रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात इंधन मोजून देणारे पंप मोठ्या संख्येने तयार होऊ लागले आणि डिझेल इंजिन मोटारीत, ट्रॅक्टरात बसण्याइतके लहान झाले. गव्हर्नर बसला तो त्या पंपावर. म्हणजे वॉटचा लगाम आला खरा, पण या घोड्याला तोंडे दोन होती आणि लगाम एकाच तोंडाला घातला गेला. इंधन पंपातूनच येणार, दुसरीकडून येणार नाही, असे सर्वांनी गृहीत धरले.

दुसऱ्या तोंडाने इंधन कसे येते ते आता सांगतो. आमच्या जनरेटरला ते एअर क्लीनरमधून आले. खालच्या टाकीत वंगणाचे तेल खुणेपेक्षा जास्त भरले तर तेथूनही येते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की दाब खाली उतरतो आणि तेलाची वाफ श्वासनळीतून हवेच्या वाटेला लागते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियराने १९०५ साली ज्याचे पेटंट घेतले तो टर्बोचार्जर, म्हणजे धुराच्या जोराने फिरून हवा कोंबणारा पंखा, इंजिनाची ताकद वाढवतो. पण त्याची सीले गेली की त्याच्या बेअरिंगचे तेल सरळ सिलिंडरात जाते. आणि सर्वांत भयंकर वाट म्हणजे बाहेरची हवाच. तेलशुद्धीच्या कारखान्यात किंवा तेलविहिरीवर गळती झाली, तर इंजिन श्वास घेते तोच इंधनाचा. गव्हर्नर पंप पुरता मिटवतो, चालक किल्ली काढून घेतो, आणि इंजिन त्या हवेवर जोरात धावत राहते.

आपल्याकडे डिझेल इंजिन घरोघरच्या ओळखीचे झाले ते शेतीच्या पंपामुळे. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात स्वातंत्र्यापूर्वीच इंजिने बनत होती, आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. मोटेच्या जागी विहिरीवर इंजिनाचा फटफट आवाज येऊ लागला आणि कोरडवाहू शेते भिजली. हा उपकाराचा भाग आम्ही विसरलेलो नाही. शेतकऱ्याच्या एका सिलिंडरच्या, मंद चालीच्या इंजिनाने हा दुर्गुण फारसा दाखवला नाही, म्हणूनही असेल, आपल्या समाजात त्याविषयी बोलणे कमी झाले.

परंतु उपाय ठाऊक नव्हता असे म्हणता येणार नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३८ साली ‘सेव्हन्टी-वन’ नावाच्या डिझेल इंजिनांची मालिका बाजारात आणली. दुसऱ्या महायुद्धात ही इंजिने रणगाड्यांत आणि फौजा किनाऱ्यावर उतरवणाऱ्या नौकांत बसली. या इंजिनांच्या हवेच्या वाटेवर संकटकाळासाठी एक पत्र्याची झडप असे. तार ओढली की झडप खटकन पडे, हवा तुटे आणि इंजिन थांबे. इंधन कोठूनही येवो, हवेवाचून जळणार नाही, हे तत्त्व चुलीवर तवा झाकणाऱ्या बाईलाही माहीत असते. अण्णांच्या फळीचे आणि त्या झडपेचे काम एकच. तेव्हा पाऊण शतकाहून अधिक काळ हा उपाय डोळ्यांसमोर आहे. आता एकविसाव्या शतकातल्या दोन घटना ऐका.

पहिली २३ मार्च २००५ ची, अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या टेक्सास सिटी गावची. बीपी या तेलकंपनीच्या शुद्धीकरण कारखान्यात दुरुस्तीनंतर एक विभाग पुन्हा चालू होत होता. सुमारे १७० फूट उंचीच्या एका मनोऱ्यात द्रव भरत होते. तळाशी काही फूट द्रव असावयाचे, ते मनोरा भरून वर गेले. पातळी दाखवणारे यंत्र मात्र ती दहा फुटांच्याही आत असल्याचे आणि उतरत असल्याचे दाखवीत होते. जास्त पातळीची सूचना देणारी दुसरी घंटा वाजली नाही. नियंत्रण कक्षात एकच माणूस तीन विभागांचे फलक सांभाळीत होता. दुसऱ्या माणसाची जागा १९९९ मध्ये रद्द झाली होती. त्या विभागाची माणसे २९ दिवस किंवा त्याहून अधिक दिवस सलग बारा-बारा तासांच्या पाळ्या करीत होती. हे सारे अमेरिकेच्या रासायनिक अपघात चौकशी मंडळाच्या २००७ च्या अहवालात नमूद आहे.

दुपारी एकच्या सुमारास ते द्रव १९५० च्या दशकातल्या जुन्या पद्धतीच्या एका उघड्या धुराड्यातून कारंज्यासारखे उसळले आणि त्याची वाफ जमिनीवर पसरली. धुराड्यापासून सुमारे २५ फुटांवर एक डिझेल पिकअप गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. वाफेचा ढग गाडीपर्यंत आला आणि इंजिन पळाले. जवळच्या माणसांनी ते बंद करण्याची शिकस्त केली, बंद झाले नाही, आणि ढग वाढताच त्यांना मागे पळावे लागले. १ वाजून २० मिनिटांनी स्फोट झाला. त्या गाडीतूनच ठिणगी पडली असावी असा मंडळाचा निष्कर्ष आहे. पंधरा माणसे मेली आणि एकशे ऐंशी जखमी झाली.

मेलेले पंधराही जण ठेकेदारांचे लोक होते. ते शेजारच्या दुसऱ्या विभागाच्या दुरुस्तीसाठी आले होते आणि धुराड्यापासून सुमारे १२० फुटांवर ठेवलेल्या चाकांवरच्या लाकडी खोल्यांत बसत होते. विभाग चालू होत आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. वाहने यंत्रांच्या किती जवळ न्यावीत यावर कारखान्यात बंधन नव्हते. आणि सर्वांत मन विषण्ण करणारी गोष्ट अशी, की त्या दिवशी दुपारी ठेकेदाराच्या माणसांना जेवण दिले गेले होते ते महिनाभर कामाचा खाडा पाडणारा एकही अपघात झाला नाही या आनंदाप्रीत्यर्थ. कंपनीचा पहिला अहवाल मे २००५ मध्ये निघाला. त्यात भर होता तो पाळीवरच्या माणसांच्या चुकांवर.

दुसरी घटना २० एप्रिल २०१० ची. मेक्सिकोच्या आखातात, लुइझियानाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६६ किलोमीटरवर, डीपवॉटर होरायझन नावाचा तरंगता तळ समुद्राखालच्या मकोंडो विहिरीवर काम करीत होता. तळ ट्रान्सओशन कंपनीचा, विहीर बीपीची. तळावर १२६ माणसे होती. हा तळ नांगरांवर उभा नव्हता. डिझेल इंजिनांवर वीज करावयाची आणि त्या विजेवर पंखे फिरवून तळ विहिरीच्या माथ्यावर जागच्या जागी धरावयाचा, अशी योजना होती. तळावरच्या सहा इंजिनांपैकी त्या रात्री दोन चालू होती. पावणेदहाच्या सुमारास विहिरीतून वायू उसळून तळावर पसरला आणि इंजिनांच्या हवेच्या वाटेने आत शिरला.

तळावरच्या मुख्य इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञाने नंतर चौकशीत साक्ष दिली. इंजिनांचा आवाज चढत गेला, खोलीतले दिवे प्रखर होत होत फुटले, समोरचा संगणकाचा पडदा फुटला, आणि मग पोलादी दार बिजागऱ्यांतून निखळून त्याच्या अंगावर आले. जनरेटरचे इंजिन पळाले की विजेचा दाब वाढतो, त्याचेच हे दिवे. त्यानेच असेही सांगितले की रात्रीअपरात्री खोट्या सूचनेने लोकांची झोपमोड होऊ नये म्हणून तळाची सर्वसाधारण धोक्याची घंटा आपोआप वाजणार नाही अशी करून ठेवली होती. अकरा माणसे मेली. तळ दोन दिवस जळून बुडाला, आणि विहीर ८७ दिवस समुद्रात वाहत राहिली.

येथे आमच्या विषयाचे मर्म आहे. अमेरिकेच्या समुद्रातील तेलकामाच्या नियमांतच होते, की प्रत्येक डिझेल इंजिनाला पळण्याच्या प्रसंगी हवा तोडण्याचे साधन असावे. जेथे माणूस सतत हजर नसेल तेथे ते आपोआप चालणारे असावे, आणि जेथे माणूस हजर असेल तेथे हाताने दुरून चालवण्याचेही चालेल. या तळावर वायूची चाहूल लागताच इंजिनखोलीची हवा आपोआप बंद होईल अशी रचना केलेली नव्हती. खोट्या सूचनेने वीज गेली तर तळ विहिरीवरून सरकेल, ही भीती होती. म्हणून निर्णय नियंत्रण कक्षातल्या माणसावर सोपवला होता. आता त्या माणसाच्या जागी आपण स्वतःला कल्पावे. समोरच्या फलकावर एकामागून एक दिवे लागत आहेत. इंजिने थांबवली तर तळावर अंधार होईल, तळ वाहू लागेल, आणि धोका खोटा ठरला तर साऱ्या खर्चाचे खापर आपल्या डोक्यावर फुटेल. न थांबवली तर काय होईल ते अजून दिसत नाही. हाताशी काही मिनिटे आहेत. स्फोटापूर्वी इंजिने थांबवली गेली नाहीत. अशा माणसाला हलगर्जी म्हणण्यास आमची जीभ वळत नाही. ज्यांनी दिवसाच्या उजेडात, टेबलाशी बसून, महिनेच्या महिने विचार करून तो निर्णय त्याच्या गळ्यात घातला, त्यांना प्रथम प्रश्न विचारावयास हवा.

योगायोग पाहा. त्या दिवशी दोन्ही कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी त्या तळावर मुद्दाम आले होते, ते तळाने सात वर्षे खाडा पाडणाऱ्या अपघातावाचून काढली याचे कौतुक करण्यासाठी. टेक्सास सिटीला मेजवानी महिन्याची, येथे कौतुक सात वर्षांचे. कारखान्याच्या दारावर ‘अपघाताविना इतके दिवस’ असा फळा आपण सर्वांनी पाहिला आहे. बोटे चिरणे, पाय घसरणे यांची मोजदाद तो फळा करतो आणि तीही करावीच. पण हवेची वाट उघडी आहे, धुराडे उघडे आहे, घंटा मुकी आहे, हे त्या फळ्यावर लिहिण्यास जागा नसते.

एवढे बोलून थांबलो असतो तर सारा दोष मालकांच्या माथी मारून टाळ्या घेता आल्या असत्या. पण १९९४ च्या गोष्टीचा उत्तरार्ध सांगावयाचा राहिला आहे.

आमच्या कारखान्यात त्या मदतनीस पोराला दुसऱ्या दिवशी चार्जशीट मिळाले. कलम हलगर्जीपणाचे. तो निलंबित झाला. चौकशीत त्याच्या बाजूने आम्ही उभे राहिलो. चौकशीचे ते आमचे पहिलेच काम. आम्ही तीन प्रश्न विचारले. भांड्यावर तेलाची खूण होती काय? तेल किती घालावे हे या मुलाला कोणी शिकवले होते काय? आणि इंजिनाला हवा तोडण्याची झडप का नव्हती? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नव्हते. तिसऱ्याला उत्तर मिळाले, की कायद्याने ती लागत नाही. पोरगा तीन आठवड्यांनी समज घेऊन कामावर परत आला. आम्हाला खांद्यावर घेऊन गेटपर्यंत मिरवले.

पुढच्या वर्षी मागणीपत्र गेले. त्यात जनरेटरच्या झडपेची मागणी आम्हीच घातली होती, एकोणिसावी मागणी. वाटाघाटी चार महिने चालल्या. शेवटच्या बैठकीत व्यवस्थापनाने पगारवाढीचा आकडा थोडा चढवला आणि म्हटले, बाकीच्या किरकोळ मागण्या आता सोडा. आम्ही सोडल्या. किरकोळ मागण्यांत झडप होती, पंखे होते, हातमोजे होते. सही करताना आम्हाला त्या फळीची आठवण झाली नाही. सभेत पगाराचा आकडा सांगितला तेव्हा जयजयकार झाला, आणि झडपेबद्दल एकाही कामगाराने विचारले नाही. फक्त अण्णा जाताना म्हणाले, "फळी जपून ठेवली आहे मी."

तो जनरेटर पुन्हा पळाला नाही. काही वर्षांनी तो भंगारात गेला. अण्णाही गेले. कोणाचे काही बिघडले नाही असे कोणी म्हणेल. पण २००५ साली वर्तमानपत्रात टेक्सास सिटीची बातमी वाचली आणि पुढे त्या चालू उभ्या गाडीचा तपशील समजला, तेव्हा आम्हाला ती एकोणिसावी मागणी आठवली. त्या गाडीजवळ आमचा पोरगा असता तर? आम्ही त्याची नोकरी वाचवली होती. ज्या दोषामुळे ती धोक्यात आली तो मात्र पगाराच्या आकड्यावर विकून टाकला होता. त्यानंतर आमच्या युनियनने ज्या मागणीपत्रांवर सह्या केल्या त्यांत सुरक्षेच्या मागण्या वेगळ्या काढल्या आणि त्यांवर पैशाचा सौदा करावयाचा नाही असा ठराव केला. तो ठराव प्रत्येक वेळी शंभर टक्के पाळला गेला असे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

आता व्यवहाराचे चार शब्द, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या सोसायटीत, दुकानात, दवाखान्यात डिझेल जनरेटर आहे. वंगणाचे तेल व एअर क्लीनरचे तेल खुणेवर ठेवावे, खूण झिजली असेल तर नवी करून घ्यावी. इंजिन नेहमीपेक्षा जास्त तेल खाऊ लागले, धूर निळा येऊ लागला, तर टर्बो आणि रिंगा तपासून घ्याव्यात. इंजिन पळण्यापूर्वी पुष्कळदा अशी सूचना देते. पळालेच तर डिझेल तोडावे, पण त्यावर विसंबू नये. भार काढू नये. हवेची झडप असेल तर ती पाडावी. ती नसेल आणि जवळ जाणे शक्य असेल, तर नळीच्या तोंडापेक्षा मोठी, जाड, सपाट फळी तोंडावर दाबावी किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक नळीच्या तोंडात सोडावे. हात लावू नये. तो खेचला जातो. फडकेही लावू नये. ते आत जाते. फ्लायव्हीलच्या रेषेत उभे राहू नये, कारण लोखंड फुटले तर ते तिकडेच येते. गाडी गिअरची असेल तर वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडावा, इंजिन गुदमरते. आणि वेग फारच चढला असेल, किंवा आसपास वायूचा वास असेल, तर यंत्र सोडून वाऱ्याच्या उलट दिशेने दूर जावे व इतरांना न्यावे. इंजिन नवे आणता येते.

याहून बरे म्हणजे झडप आधीच बसवून घेणे आणि ती महिन्यातून एकदा पाडून पाहणे. न वापरलेली झडप गंजते आणि ऐन वेळी पडत नाही. त्याहून महत्त्वाचे, ती पाडण्याचा अधिकार यंत्राजवळच्या माणसाला सर्वांसमक्ष देऊन ठेवणे, आणि त्याने ती चुकून पाडली, दिवे गेले, काम खोळंबले, तरी त्याला कोणी बोलणार नाही असे लिहून देणे.

आज या मंडपामागे जनरेटर चालू आहे. त्याच्याच दिव्यांत आपण बसलो आहोत. येण्यापूर्वी आम्ही तेथे जाऊन आलो. चालवणारा मुलगा विशीतला आहे. झडप कोठे आहे असे विचारले तर त्याला सांगता आले नाही. एक सपाट फळी मात्र त्याच्याजवळ ठेवून आलो आहोत, आणि ती कशासाठी हे त्याला समजावून दिले आहे. व्याख्यानमालेच्या चिटणिसांना आमची विनंती आहे, की पुढच्या वर्षी जनरेटर भाड्याने ठरवताना भाड्याबरोबर झडपेचीही चौकशी करावी.